सही आबांची, पासपोर्ट मुलांचे

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय ३६, नवरा औषधाच्या कंपनीत, सहा वर्षांचा मुलगा, थोडी शेती आणि एक कुळागर, म्हणजे नारळ-सुपारीची बाग. सासऱ्यांना त्या आबा म्हणतात. आबांचा जन्म १९५४ चा. मराठी प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, एकदा पंच म्हणूनही निवडून आले होते. नवरा आणि दीर यांनी पोर्तुगीज पासपोर्ट काढायचं ठरवलं आहे. एजंटचं म्हणणं असं की आधी आबांचा जन्म लिस्बनला नोंदवायचा, मग मुलांचा, मग नातवाचा. "आबांचं फक्त नाव चढवायचं. पासपोर्ट थोडाच काढतोय त्यांचा? त्यांचं इंडियन आहे तसंच राहील." आबा मात्र मुखत्यारपत्रावर सही करत नाहीत. चिडत नाहीत, भांडत नाहीत, फक्त विचारतात, "ही सही कशाची?" घरात ते सुनेचं ऐकतात, म्हणून सही मिळवायची कामगिरी सुनेवर आली आहे. ताई विचारतात: "आबांना कसं समजावू? आणि दोन्ही पासपोर्ट ठेवले तर खरंच काही होतं का? सगळेच ठेवतात म्हणे."

ताई,

तुमच्या पत्रातला सगळ्यात नेमका प्रश्न आबांनी विचारला आहे. तीन पानी पत्रात तुम्ही एजंटची फी लिहिलीत, जावेचं म्हणणं लिहिलंत, इंग्लंडातल्या चुलत दिरांचं घर किती खोल्यांचं आहे तेही लिहिलंत. पण आबांच्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं, ते कुठेच सापडलं नाही. शाळेत पस्तीस-चाळीस वर्षं दाखल्यांवर सह्या केलेला माणूस कागद वाचल्याशिवाय सही करत नाही, यात हट्टीपणा कसला?

तेव्हा आधी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर शोधू. त्यांना समजवायचं की नाही, ते मग बघू.

नागरिकत्व जातं म्हणजे काय होतं, याबद्दल आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात एक चित्र असतं. कुणीतरी तक्रार करणार, नोटीस येणार, सुनावणी होणार, साहेब शिक्का मारणार आणि मग ते जाणार. तोपर्यंत आपण भारतीयच. कायदा असा चालत नाही. नागरिकत्व कायदा, १९५५ चं कलम ९ सांगतं की भारताच्या नागरिकाने देशीयकरणाने, नोंदणीने किंवा आणखी कुठल्या मार्गाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व मिळवलं, की ते मिळताच तो भारताचा नागरिक राहत नाही. अर्ज लागत नाही, आदेश लागत नाही. (घटनेत हेच तत्त्व आहे, तेही ९ व्याच अनुच्छेदात. लक्षात ठेवायला सोपं.) पासपोर्ट कार्यालयातून मिळतं ते सरेंडर सर्टिफिकेट म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीची पावती. मृत्यूचा दाखला काढला नाही म्हणून माणूस जिवंत राहत नाही, तसंच पासपोर्ट परत केला नाही म्हणून नागरिकत्व टिकत नाही.

आता एजंटचं 'फक्त नाव चढवायचं'.

हे तो अगदीच हवेतून बोलत नाही. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेली माणसं पोर्तुगालच्या कायद्याने जन्मतःच पोर्तुगीज होती. गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केलं तेच मुळी डिसेंबर १९७४ च्या करारात. त्यामुळे लिस्बनच्या दृष्टीने आबांना नवं काही 'मिळत' नाही, जुनी नोंद तिकडच्या वहीत उतरते इतकंच. पण भारताची वही वेगळी आहे. १९६२ साली केंद्राने गोवा, दमण आणि दीव यांच्यासाठी नागरिकत्वाचा आदेश काढला. २० डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेले आणि त्यांची मुलं-नातवंडं हे त्या आदेशाने भारताचे नागरिक झाले. ज्यांना आधीचंच नागरिकत्व ठेवायचं होतं त्यांना तसं लिहून द्यायला एक महिना दिला होता. आबा तेव्हा आठ वर्षांचेही नव्हते. त्यांच्या वडिलांनी काही लिहून दिलं नाही आणि आबा भारतीय झाले. आज सत्तरी ओलांडल्यावर ते आपणहून लिस्बनला नोंद करायला निघाले, तर भारत त्याला जुन्या नोंदीची नक्कल म्हणेल की नवं नागरिकत्व मिळवणं म्हणेल?

यावर वकिलांमध्ये वाद आहे आणि तो मी इथे सोडवू शकत नाही. पण असा वाद उभा राहिला तर निकाल कोण देणार, हे त्याच कलम ९ च्या दुसऱ्या पोटकलमात लिहिलं आहे: केंद्र सरकार. तुमचा एजंट तिथे कुठेच नाही. आणि सरकारचा कल कुठे आहे, हे गोव्याने अलीकडेच पाहिलं. २०२२ च्या अखेरीला परराष्ट्र मंत्रालयाचं एक पत्रक आलं. त्यानंतर जे गोंयकार भारतीय पासपोर्ट परत करायला गेले त्यांच्यातल्या अनेकांना सरेंडर सर्टिफिकेट मिळालंच नाही. माहिती दडवली असं म्हणून त्यांचे पासपोर्ट रद्द करण्यात आले. पोर्तुगीज नोंद आधीची आणि भारतीय पासपोर्टचा वापर नंतरही चालू, हे त्यामागचं दुखणं. सरेंडर सर्टिफिकेट नाही म्हणून ओसीआय (नागरिकत्व गेलेल्यांना भारत देतो ते कार्ड) नाही आणि ओसीआय नाही म्हणून स्वतःच्या घरी यायला व्हिसा, अशी ती साखळी. एप्रिल २०२४ मध्ये पासपोर्ट रद्द केल्याचा आदेशच सरेंडर सर्टिफिकेटला पर्यायी कागद म्हणून चालवायचं पत्रक काढावं लागलं. 'फक्त नाव' असतं तर एवढं रामायण कशाला झालं असतं?

तुमच्या नवऱ्याचं आणि दिरांचं एकवेळ ठीक. ते बाहेर जातील, हातात नवा पासपोर्ट असेल. पण आबा कुठे जाणार आहेत? ते डिचोलीतच राहणार, सकाळी पडवीत बसून पेपर वाचणार. समजा सरकारने नोंदणीची तारीख धरली, तर त्या तारखेपासून आबा आपल्याच घरात परदेशी नागरिक ठरतात. हातात पोर्तुगीज पासपोर्ट नाही, कारण 'तो थोडाच काढतोय'. म्हणून व्हिसा नाही आणि ओसीआयही नाही. एजंटला जी सवलत वाटते तीच आबांसाठी सगळ्यात वाईट जागा आहे: धड इकडचे नाहीत, धड तिकडचे नाहीत.

असं कुठे होतं का, असं म्हणाल म्हणून जुनं उदाहरण सांगते. मोन्सिनोर मोंतेरो हे गोव्यातच जन्मलेले पाद्री. १९६२ च्या आदेशाखाली त्यांनी पोर्तुगीज राहायचं लेखी कळवलं. त्यांना गोव्यात राहायचा परवाना मिळाला तो नोव्हेंबर १९६४ पर्यंतचा. मुदत संपली, ते गेले नाहीत, म्हणून त्यांच्यावर परदेशी नागरिक कायद्याखाली खटला झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६९ मध्ये शिक्षा कायम झाली. त्यांनी निदान उघडपणे, समजून-उमजून निवड केली होती. आबांकडून ती निवड 'नाव चढवणं' असं म्हणून करून घेतली जाते आहे. मला खटकतं ते हेच.

आता 'सगळेच ठेवतात'. ठेवतात, खरं आहे. माझ्या ओळखीच्या एका घरात एकाच प्लास्टिकच्या पाकिटात दोन पासपोर्ट असायचे, रबर लावून. गणपतीला येताना निळा दाखवायचा, परत जाताना तांबडा. पाच-सहा वर्षं निभावलं. मग एका चवथीनंतर परत निघताना काउंटरवरच्या मुलीने तांबडा पासपोर्ट चाळला, पुन्हा पहिल्या पानापासून चाळला आणि विचारलं, "या पासपोर्टवर तुम्ही भारतात आलात कधी?" व्हिसा नाही, आल्याचा शिक्का नाही. विमान गेलं, पुढचे काही महिने वकील आणि दंड. परत येऊन तो माणूस सोप्यावर बसला तेव्हा त्याच्या बॅगेत बायकोने भरलेल्या नेवऱ्यांचा डबा तसाच होता, हे मला का कोण जाणे अजून आठवतं. भारतीय नसताना ते दडवून भारतीय पासपोर्ट मिळवणं हा पासपोर्ट कायदा, १९६७ खाली गुन्हा आहे आणि त्याला कैद आहे, दंडावर भागत नाही. मतदानाचंही तसंच. नागरिकत्व गेलं की मतदार यादीतलं नाव बेकायदा. आबा दर निवडणुकीला इस्त्रीचा शर्ट घालून सकाळी सातला रांगेत उभे असतात असं तुम्हीच लिहिलं आहे.

हे वाचून तुम्ही घाबराल आणि नवऱ्याला म्हणाल, सोडा हे खूळ. तसंही मला म्हणायचं नाही. तुमच्या पत्राच्या शेवटी एक ओळ होती, "शेजारचे म्हणतात, पोर्तुगीज होणं म्हणजे मुक्तिसैनिकांच्या तोंडाला काळं फासणं." हे शेजारच्यांना म्हणू द्या. सासष्टी-बार्देशात अशी कितीतरी घरं आहेत की तिकडच्या पगारावर इथली पोरं शिकली. २०२२ या एका वर्षात देशभरातून २,२५,६२० जणांनी भारतीय नागरिकत्व सोडलं, त्यांतले बहुतेक गोव्याचे नव्हेत. पोटासाठी देश बदलणं कायदेशीर आहे आणि त्यात लाज वाटावी असं काही नाही. उलट ही लाजच घोळ करते. लोक काय म्हणतील म्हणून गुपचूप करायचं, गुपचूप केलं म्हणून पासपोर्ट परत करायचा नाही, आणि मग ते पाकीट आणि ते रबर.

नवऱ्यासमोर बसून खरा हिशोब मांडा. पहिला प्रश्न: जायचं कुठे? पत्रात 'लंडन' चार वेळा आलं आहे. तुमचे चुलत दीर गेले तेव्हा पोर्तुगीज पासपोर्टवर सरळ इंग्लंडात उतरून कामाला लागता येत होतं. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं, ३१ डिसेंबर २०२० ला संक्रमणाचा काळही संपला. त्याआधी जे तिथे राहत होते त्यांना हक्क मिळाले. आज नव्याने जाणाऱ्या पोर्तुगीज माणसाला तिथे नोकरीसाठी व्हिसा लागतो, तुमच्या नवऱ्याला भारतीय म्हणून लागेल तसाच. पोर्तुगीज पासपोर्ट आज दार उघडतो ते पोर्तुगाल, फ्रान्स, जर्मनी, आयर्लंड अशा देशांचं. यांत इंग्रजीवर निभावेल असं आयर्लंडच. जायचं तिथेच असेल, तर औषध उद्योगातल्या अनुभवावर भारतीय पासपोर्ट ठेवूनच वर्क परमिट मिळतं का, हे आधी पाहिलं का? नागरिकत्वाला हातही न लावता जाऊन तर बघा. तिथली हवा मानवते का, मुलगा रमतो का, तुम्हाला काम मिळतं का, हे दोन वर्षांत कळेल. पासपोर्ट बदलायचा निर्णय मग घेता येतो. उलटा प्रवास फार लांबचा आहे.

किती लांबचा, तेही सांगते. एकदा नागरिकत्व गेलं की भारत जे देतो ते ओसीआय. लोक त्याला 'ड्युअल' म्हणतात. ते दुहेरी नागरिकत्व नव्हे. तो एक आयुष्यभराचा व्हिसा आहे, सोबत काही सवलती. मत नाही, निवडणूक लढवणं नाही, सरकारी नोकरी साधारणपणे नाही. शेतजमीन, फार्महाऊस आणि बागायती विकत घेता येत नाही. तुमचं कुळागर बागायतीत येतं. तिथे एक बारीक गोष्ट आहे, घरोघरी चुकते ती: ओसीआयवाल्याला शेती-बागायत वारसाने मिळू शकते, पण बक्षीसपत्राने नाही. म्हणजे उद्या मुलं पोर्तुगीज झाल्यावर आबांनी प्रेमाने 'जिवंतपणीच नावावर करतो' म्हणून कुळागराचं बक्षीसपत्र केलं, तर ते अडकेल. आणि आबाच परदेशी ठरले, तर मालकाचंच नागरिकत्व वादात. वाटण्या करायच्या असतील तर हे सगळं सुरू होण्याआधी जमिनीच्या वकिलाकडे जाऊन या.

मुलाबद्दल तुम्ही लिहिलंत, "तो अठरा वर्षांचा झाला की हवं तर परत भारतीय होईल." हा समज खूप घरांत आहे आणि त्याला जुना आधारही होता. कलम ८ मध्ये तशी तरतूद आहे. पण १८ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने, सिंगापूरचं नागरिकत्व घेतलेल्या आईबापांच्या मुलाच्या खटल्यात, स्पष्ट केलं की ती वाट फक्त अशा मुलांसाठी आहे ज्यांच्या आईवडिलांनी कलम ८ खाली रीतसर घोषणा करून नागरिकत्व सोडलं. ज्यांचं कलम ९ खाली आपोआप गेलं त्यांच्या मुलांना ती नाही. मग उरतो नेहमीचा रस्ता: पाच वर्षं ओसीआय, अर्जाआधी बारा महिने भारतात वास्तव्य आणि तिकडचं नागरिकत्व सोडणं. शिवाय मुलाला डॉक्टर करायचं म्हणताय. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर ओसीआय घेणाऱ्या मुलांना नीटमधून भारतीयांच्या जागा मिळत नाहीत, एनआरआयच्या मिळतात. बांबोळीच्या जीएमसीचं, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं स्वप्न असेल तर हे आजच लिहून ठेवा.

आता आबा. तुम्ही विचारलंत, त्यांना कसं समजावू. समजावू नका. सांगा. संध्याकाळी चहा झाल्यावर मुखत्यारपत्राचा मसुदा घेऊन त्यांच्यासमोर बसा आणि ओळ न् ओळ मराठीत वाचून दाखवा. एजंटकडे मराठी मसुदा नसेल तर करून मागा. तो देत नसेल तर त्यातच काय ते कळलं. आबांना सांगा: या सहीने तुमचं भारतीय नागरिकत्व जाण्याची खरी शक्यता आहे, मत जाऊ शकतं, ओसीआय काढायचा तर आधी तुमचाही पोर्तुगीज पासपोर्ट काढावा लागेल. पेन्शनचं काय होईल ते लेखा संचालनालयाला लेखी विचारा, तोंडी उत्तरावर जाऊ नका. आणि हेही सांगा की मुलांना बाहेर जायचं आहे, इथला पगार पुरत नाही. ही बाजूही त्यांनी ऐकायला हवी. बहुतेक ती त्यांना नीट कुणी सांगितलेलीच नाही, एजंटचा फोन तेवढा स्पीकरवर लावला.

ऐकून ते हो म्हणाले तर सगळं उघड्यावर करा. नागरिकत्वाचं काम करणाऱ्या वकिलाचा लेखी सल्ला घ्या, आल्तिनोवरच्या पोर्तुगीज वाणिज्य दूतावासात स्वतः जाऊन प्रक्रिया विचारा. नोंद झाली की त्या तारखेनंतर भारतीय पासपोर्ट वापरायचा नाही, नूतनीकरण करायचं नाही, ताबडतोब परत करायचा. मतदार यादीतून नाव काढायला फॉर्म ७ भरायचा. ओसीआयचा अर्ज त्याच आठवड्यात. प्रत्येक कागदावर पोच घ्या. आधार कार्ड आहे म्हणून नागरिकत्व आहे, या भ्रमात राहू नका, आधार रहिवाशाला मिळतं. नावांचं प्रकरणही आधी निस्तरा. तुम्ही लिहिलंय की जन्माच्या तेओर प्रतीत (मूळ नोंदीच्या शब्दशः नकलेत) आडनाव 'पोरोबो', शाळेच्या दाखल्यावर 'परब' आणि आधारवर 'प्रभू' आहे. एजंट म्हणेल करतो अॅडजस्ट. अॅडजस्ट करू देऊ नका. त्यासाठी जे प्रतिज्ञापत्र लागेल त्यावरही सही आबांचीच असणार आणि खोटं निघालं तर प्रश्नही त्यांनाच विचारणार.

आणि ते नाही म्हणाले तर नाही. मुलांची वाट अवघड होईल हे खरं. नवरा रागावेल, दीर कदाचित बोलणं टाकतील आणि सगळ्याचं खापर तुमच्यावर फुटेल, कारण 'तुला सांगितलं होतं ना'. त्यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. एवढंच सुचवते की यात मध्यस्थ राहू नका. आबांना विचारायचं ते त्यांच्या मुलांनी विचारावं, तुम्ही शेजारी बसा. सुनेच्या शब्दाला मान आहे म्हणून तिच्या हाताने सही काढून घ्यायची, हे तुम्हालाच आतून पटलेलं नाही. नाहीतर तुम्ही मला तीन पानं लिहिली नसती.

एक राहिलं. आबांच्या जन्मनोंदीची ती तेओर प्रत आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला 'बघायला म्हणून' एजंटने ठेवून घेतलाय, असं तुम्ही कंसात लिहिलंय. सही होवो न होवो, उद्या नवऱ्याला पाठवून दोन्ही परत आणा.